टोचलेल्या कानाची हत्तीण आणि चार नंबरचा तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे आणि सध्या स्वयंपाकघरामागच्या कोठीत घडी होऊन पडलो आहे. एका बाजूला साखरेची पोती, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्या. घडी घातलेल्या तंबूला काही दिसत नाही, असे लोक म्हणतात. ते खरेच आहे. पण त्याला आठवते. पाऊस सरून दोन-अडीच महिने झाले, नदी कोरडी पडली, की माझ्या तळाच्या कापडाशी कोणीतरी हळूच हुंगते आहे असे मला वाटू लागते. कोठीला भिंती आहेत, दाराला कडी आहे. तरीही वाटते.

मला नैरोबीतल्या एका शेडमध्ये शिवले. मुतुआ नावाचा म्हातारा कारागीर होता. जाड दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन तो माझ्या शिवणी घालत असे. हा तंबू मुलेबाळे घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, पोरे याच्या कनातीला लोंबकळणार, तेव्हा टाका दुहेरी हवा, असे तो इतरांना बजावायचा. त्याचे ते दुहेरी टाके आजही शाबूत आहेत. फक्त एक कोपरा उसवला, आणि तोही मुतुआच्या चुकीने नव्हे.

मग ट्रकमध्ये बसून मी उत्तरेला, सांबुरू लोकांच्या मुलखात आलो. नदीकाठच्या पाच वस्त्यांनी आपली चराईची जमीन एकत्र करून तिथे पाहुण्यांसाठी सहा तंबूंचा तळ उभारायचे ठरवले होते. त्याला एक मालक नव्हता, सगळेच मालक होते. त्यामुळे गंमत व्हायची. शेळ्या वळणारा कोणीही वाटेत थांबून माझे तणावे ओढून बघायचा आणि आमचा तंबू नीट ताणलेला नाही, अशी तक्रार आचाऱ्याकडे करून जायचा. आचारीही मालकच होता. तो म्हणायचा, "मग तूच ताण, अर्धा तुझाच आहे."

मी चार नंबरचा. चार खाटांचा, म्हणून सर्वांत मोठा. मला कुठे उभे करायचे ते ठरवायला पंचांचा म्हातारा प्रमुख लेकासो स्वतः आला. नदीच्या वळणावर, उंच बाभळीखाली सपाट जागा होती. तिथून नदीचे सगळे वाळूपात्र दिसायचे. लेकासोने काठी टेकवली आणि म्हणाला, "इथं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त लेतिवा म्हणाला, "इथं नको."

लेतिवा म्हणजे तळाचा मुख्य वाटाड्या. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, कमी बोलणारा. जमिनीवरची खूण बघून, जनावर किती वेळापूर्वी गेले आणि ते भुकेले होते की भ्यालेले, हे सांगणारा माणूस. त्याचा शब्द सहसा कोणी मोडत नसे.

"का नको?" लेकासोने विचारले.

"वारा फार लागतो."

"वारा? तू काय आज जन्मलेलं कोकरू आहेस?"

सगळे हसले. लेतिवाने दुसरी एक जागा दाखवली, पण तिथून नदी दिसत नव्हती. माझ्या मेखा ठोकायला सुरुवात झाली. कोपऱ्यातली एक मेख हातभर गेली आणि खाली कशावर तरी अडली. दगड असेल म्हणून पोरांनी ती वीतभर सरकवून ठोकली. लेतिवा समोर उभा होता. मेख अडल्याचा तो आवाज झाला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. ते फक्त मी पाहिले.

त्या दिवसानंतर लेतिवा माझ्याजवळ कधी आला नाही.

माझे पहिले दिवस फार सुखाचे गेले, मित्रांनो. माझ्यात मुले झोपली, भांडली, खाटांवर नाचली. मुलांनी माझ्या कनातीला हात लावून बाहेरच्या माकडांच्या सावल्या पकडल्या. सकाळी लेतिवाची मुलगी नासिएकू पाहुण्यांना न्यायला यायची. ती त्या मुलखातली पहिली बाई वाटाडी. सुरुवातीला लोक तिला चिडवायचे, की लग्नाच्या वयात ही हत्तींच्या मागे फिरते आहे, आता नवराही चार पायांचाच शोधावा लागणार. ती म्हणायची, "दोन पायांचे पाहिलेत की मी."

मग पहिला कोरडा हंगाम आला आणि त्याबरोबर हत्ती आले.

भर दुपारची वेळ होती. बारा-तेरा हत्ती वाळूतून वर चढले आणि सरळ माझ्याकडे आले. स्वयंपाकघरात कलिंगडे होती, टाकीत पाणी होते, तिकडे एकही गेला नाही. ते माझ्याभोवती उभे राहिले. एकानेही आवाज केला नाही. त्यांनी सोंडा खाली सोडल्या आणि माझ्या कडेकडेने जमीन हुंगू लागले. मग वळून, मागचा पाय जमिनीवर हलकेच फिरवू लागले, जसा अंधारात आपण पायाने चपला चाचपतो तसा. माझ्या तळाच्या कापडाखाली गरम श्वास शिरत होता. असे तासभर चालले. आणि मग आले तसे निघून गेले.

त्यांच्या पुढे एक मोठी हत्तीण असे. तिच्या डाव्या कानाला आरपार गोल भोक होते. सांबुरू लोक कान टोचतात, त्यामुळे बायकांना ती फार आवडली. ही आपल्यातलीच आहे, मणी घालायला आली आहे, असे त्या म्हणायच्या. तिचे नावच पडले, टोचलेल्या कानाची. या थट्टेला सगळे हसत. लेतिवा हसत नसे. ती आली, की तो लांब पिलूच्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा आणि ती जाईपर्यंत तिथून हलायचा नाही. त्या दिवशी तो जेवायचा नाही.

दर कोरड्या हंगामात हे घडू लागले आणि मी प्रसिद्ध झालो. मला हत्तींचा तंबू म्हणू लागले. लोक वर्षभर आधी माझी जागा राखून ठेवू लागले. हत्ती इथेच का येतात, असे पाहुणे विचारत, तेव्हा नासिएकू सांगायची की इथल्या मातीत मीठ असावे. तिला खरेच तसे वाटत होते. तिने वडिलांना विचारले होते आणि ते म्हणाले होते, "असेल मीठ."

लोक माझे कौतुक करत, पण मला भीती वाटे. जे माझे नाही, ते लपवायला मला मांडले आहे, असे मला उगाच वाटू लागले होते.

अशी आठ वर्षे गेली. नवव्या हंगामात किसुमू या सरोवराकाठच्या शहरातून एक कुटुंब आले. आई, वडील, सात वर्षांची अवुओर आणि तिची आजी. आजीला ती दानी म्हणायची. दानी सरोवराकाठची. हत्ती येतात हे ऐकून ती घाबरली नाही. आमच्याकडे पाणघोडे परसात येतात आणि तेही विचारून येत नाहीत, असे म्हणून तिने आपल्या खाटेवर चादर पसरली.

पहिल्या दुपारी हत्ती येऊन गेले. सगळे पाहुणे फोटो काढत होते. अवुओर मात्र पोटावर झोपून, माझ्या जाळीतून त्यांच्याकडे एकटक बघत होती. हत्ती गेल्यावर तिने नासिएकूला सांगितले की हत्ती कोणाकडेच बघत नव्हते, नुसते खाली बघत होते. नासिएकूने मिठाचे सांगितले.

"पण ते चाटत नव्हते," अवुओर म्हणाली.

नासिएकू हसली.

संध्याकाळी लेतिवा पाण्याच्या टाकीजवळ बसला होता. अवुओर त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, ते हत्ती कोणाला शोधतायत?"

लेतिवाने तिच्याकडे पाहिले. मग तो उठला आणि आपल्या वस्तीकडे चालू लागला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल, असे अवुओरच्या आईला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दानी झोपली होती. आई-वडील जेवणाच्या मांडवात होते. अवुओर माझ्यातच बसली होती. त्या अडलेल्या मेखेजवळ माझा एक कोपरा वर्षानुवर्षांच्या ताणाने सैल झाला होता. तिने तो उसवून वर केला आणि चहाच्या चमच्याने खालची माती उकरू लागली. हत्ती खाली काय बघतात, एवढेच तिला बघायचे होते. माती भुसभुशीत होती. कोपरभर खाली तिला काहीतरी लागले. तिने दोन्ही हातांनी ते हलवून, ओढून काढले. विटेएवढे, जड, वरून आडव्या रेघांचे. टायरच्या चपलेचा तळवा असतो ना, तसे.

ती हत्तीची दाढ होती.

आणि तेवढ्यात ते आले. आदल्या दिवसापेक्षा लवकर आले, म्हणून कोणी सावध नव्हते. टोचलेल्या कानाची सर्वांत पुढे होती. उकरलेल्या मातीचा वास तिच्यापर्यंत पोचला असावा. माझ्याजवळ येताच ती थबकली, तिचे कान पसरले, आणि मग तिने डोके माझ्या दारात घातले. तिच्या सुळ्याने माझी कनात वरपासून खालपर्यंत टरकली. तिची सोंड आत आली. अवुओर दाढ छातीशी धरून कोपऱ्यात बसली होती. दानी जागी झाली. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त हात लांब करून नातीच्या झग्याचे टोक मुठीत धरले.

मांडवातून लोक धावत आले आणि लांबच थांबले. बंदूक आणायला एक जण पळाला. अवुओरची आई पुढे झेपावली, तिला दोघांनी धरून ठेवले. पुढे काय करावे, हे नासिएकूलाही सुचेना. तेव्हा पिलूच्या झाडाखालून लेतिवा निघाला. मोकळ्या जागेतून तो सरळ चालत आला. हातात काठीसुद्धा नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यापाशी आला, आणि फाटलेल्या कनातीतून आत शिरून हत्तीण आणि ती पोर यांच्या मध्ये उभा राहिला.

तो मागे न वळता बोलला. "बाळ, ते खाली ठेव. हळूच. ते तिचं आहे."

"तिचं?"

"तिच्या आईचं आहे. तिच्या आईला मी मारलंय."

तो हे मोठ्याने म्हणाला नाही. पण सगळीकडे इतके चिडीचूप होते की मांडवापाशी उभ्या असलेल्यांनाही ते ऐकू गेले. नासिएकूनेही ऐकले.

अवुओरने दाढ जमिनीवर ठेवली. लेतिवा वाकला, त्याने ती उचलली आणि दोन्ही हातांवर घेऊन हत्तिणीपुढे धरली. तिने सोंडेचे टोक त्या रेघांवरून फिरवले. एकदा, दोनदा. मग लेतिवाच्या मनगटावरून, खांद्यावरून, चेहऱ्यावरून. तो तसाच उभा होता. मला वाटले, आता ही याला उचलून आपटणार. त्यालाही तेच वाटत होते, आणि मला वाटते त्याला ते चालले असते. पण तिने दाढ सोंडेत उचलली, मागे सरली आणि वाळूत जाऊन उभी राहिली. बाकीचे हत्ती तिच्याभोवती जमले. सूर्य बाभळीमागे जाईपर्यंत ते तिथेच होते. जाताना तिने दाढ वाळूत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाची वस्त्यांचे लोक बाभळीखाली जमले. माझी कनात फाटलेलीच होती, त्यामुळे मला सगळे नीट दिसत होते. लेतिवा उभा राहिला आणि त्याने सांगितले. तो वीस-बाविशीचा असताना दुष्काळात त्यांची गुरे मेली. एका गाडीवाल्याने बंदूक आणून दिली आणि सुळ्यांच्या बदल्यात गाई कबूल केल्या. याच वळणावर त्याने त्या हत्तिणीला मारले. तिच्याबरोबर पिल्लू होते, त्याच्या खांद्याएवढे. एक गोळी त्या पिल्लाच्या कानातून गेली. पिल्लू दोन दिवस आईपाशी उभे होते. तिसऱ्या दिवशी दुसरा कळप त्याला घेऊन गेला, तेव्हा कुठे लेतिवाला जवळ जाऊन सुळे तोडता आले. पुढच्या पावसात नदीने काठ बदलला आणि हाडांवर गाळ बसला. सांबुरू माणूस वाटेत हत्तीचे हाड दिसले की त्यावर हिरवी डहाळी ठेवतो. लेतिवाने तीही ठेवली नव्हती.

मग पुष्कळ बोलणे झाले. काही जण म्हणाले, याला तळावरून काढून टाका. काही म्हणाले, झाले ते जुने झाले, पण हाडे मात्र हलवू नका. हाडे हलवली तर हत्ती येणार नाहीत, आणि हत्ती आले नाहीत तर पाहुणे कशाला येतील? यावर बऱ्याच माना होकारार्थी हलल्या.

नासिएकू उठली. ती पंचांशी बोललीच नाही. वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आठ वर्षं मी लोकांना सांगतेय, मातीत मीठ आहे म्हणून. तुम्ही तळावरच असायचात. ऐकत होतात."

"हो."

"एकदाही वाटलं नाही, की हिला सांगावं?"

"रोज वाटायचं."

मग ती लोकांकडे वळून म्हणाली की हाडे बाहेर काढायची. हत्ती येवोत न येवोत. आईच्या हाडांवर तंबू ठोकून, तिच्या लेकराला लांबून बघण्याचे पैसे आपण घेतले, यापुढे ते आपल्याच्याने होणार नाही.

लेकासोने बराच वेळ काठीशी चाळा केला. शेवटी त्याने निवाडा दिला. हाडे काढून नदीकाठी उघड्यावर ठेवायची. ती जागा मोकळी सोडायची. लेतिवा मुख्य वाटाड्या राहणार नाही, पण तळ सोडूनही जाणार नाही. "इथं जे मूल येईल, त्याला तू हे सांगायचंस. तोंडात जीभ आहे तोवर. गोड करून नाही. जसं केलंस तसं."

त्याच दिवशी माझ्या मेखा उपटल्या. माझ्याखालून जबडा निघाला, बरगड्या निघाल्या, सुळे तोडलेली भली मोठी कवटी निघाली. बायकांनी, पोरांनी, अवुओरने आणि दानीनेही त्यावर हिरव्या डहाळ्या ठेवल्या. लेतिवाने सर्वांत शेवटी ठेवली. ती ठेवायला त्याला इतका वेळ लागला की निम्मे लोक घरी गेले होते.

पुढच्या हंगामात हत्ती आले. आधी त्या मोकळ्या जागेत गेले, मग वाळूत उतरले आणि हाडांपाशी थांबले. एकेक हाड उचलून त्यांनी कुठेकुठे नेले. त्यानंतर ते कधी यायचे, कधी नाही. माझे नाव मागे पडले. नासिएकूच्या आईने माझी कनात लाल दोऱ्याने शिवली आणि मला स्वयंपाकघराच्या बाजूला, कडुलिंबाखाली उभे केले. तिथून नदी दिसत नाही. माझ्यात पाहुणे राहीनासे झाले. वाळवीने माझी कड खाल्ली, धुराने माझे छत काळे पडले. पण दर सकाळी लेतिवा माझ्या सावलीत मुलांना घेऊन बसायचा आणि सांगायचा.

तो गोड करून सांगत नसे. काही मुले रडत. एकदोन आई-बापांना राग आला आणि ते सामान भरून गेले. मुले काहीही विचारत. ते पिल्लू ओरडले का? हो, पहिल्या दिवशी. तुम्हाला गाई मिळाल्या का? चार मिळाल्या, दोन मेल्या. तुम्हाला स्वप्नं पडतात का? यावर तो म्हणायचा, "मला जागेपणीच दिसते ती."

सांगून सांगून त्याच्या मनावरचे ओझे कमी होईल, असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. वर्षे गेली, त्याचा आवाज बारीक झाला, पण पिल्लू दोन दिवस उभे होते या वाक्याशी तो दर वेळी अडायचा, जणू ते वाक्य त्याला नवीनच होते. दोन पावसांपूर्वी तो गेला. त्या दिवशी कळप कुठे होता कोणास ठाऊक. टोचलेल्या कानाची तर त्याआधीच दिसेनाशी झाली होती.

तो गेल्यावर आठवड्याभराने मुलांचा एक मोठा घोळका आला. तळावर जागा पुरेना, म्हणून मला झटकून साफ केले. ती मुले माझ्या सावलीत येऊन बसली, कारण त्यांना कोणीतरी सांगितले होते की इथे गोष्ट सांगतात. नासिएकू त्यांच्यासमोर बसली.

"फार वर्षांपूर्वी," तिने सुरुवात केली, "त्या वळणावर एका माणसानं एक हत्तीण मारली."

एवढे बोलून ती थांबली. मुले वाट बघत होती. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली.

"त्या वळणावर माझ्या वडिलांनी एक हत्तीण मारली."

मित्रांनो, तंबू ओला असताना घडी घालू नये, त्याला वाळवी लागू देऊ नये, हे तुम्हाला कोणीही शिकवील. माझे मागणे वेगळे आहे. कुठेही मेख ठोकाल आणि ती खाली अडली, तर ती वीतभर बाजूला सरकवून पुन्हा ठोकू नका. खाली वाका. हाताने माती बाजूला करा. आणि जे निघेल ते कोणाचे आहे, हे विचारा.